मर्ल ओबेरॉन

ओबेरॉन, मर्ल : (१९ फेब्रुवारी १९११ – २३ नोव्हेंबर १९७९). ब्रिटिश व अमेरिकन चित्रपटांतील ख्यातनाम अभिनेत्री. मूळ नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्प्सन; घरातले लाडके नाव क्वीनी. जन्म मुंबई येथे. मात्र आपला जन्म ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावरच्या होबार्ट शहरात झाला आणि वडिलांच्या निधनानंतर आपण नातेवाइकांकडे हिंदुस्थानात आलो, असे ती हयातभर सांगत राहिली. तिच्या हयातीतील बहुतेक संदर्भग्रंथांनी हीच माहिती दिली असल्यामुळे जुन्या नोंदी वाचताना सावध राहावे लागते.

जन्मासंबंधी तीन मते आढळतात. पहिले खुद्द तिचे व तिच्या चित्रसंस्थांच्या प्रसिद्धी विभागांचे; होबार्टमधील जन्माची कागदपत्रे आगीत नष्ट झाल्याचे त्यासोबत सांगितले जाई. दुसरे मत टास्मानियातील लोकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यानुसार ती बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट हेलेन्स या गावी चिनी वंशाच्या एका कष्टकरी स्त्रीच्या पोटी जन्मली व लहानपणीच परदेशी गेली. मरे डेलोफ्स्की यांनी २००२ मध्ये केलेल्या माहितीपटात या श्रद्धेची सहानुभूतीने दखल घेतलेली आहे. परंतु या श्रद्धेला कागदोपत्री आधार मिळालेला नाही. तिसरे मत मुंबईचे. चार्ल्स हायॅम व रॉय मोझली यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात तिचा जन्म मुंबईचा असल्याचे मांडले, पण आई म्हणून शार्लट सेल्बी हिचेच नाव दिले. शार्लट मूळची सिलोनची व मिश्र वंशाची असून मर्लला तिनेच वाढवले होते. पुढे सेल्बी कुटुंबातीलच एकाने मुंबईच्या सरकारी दप्तरातून जन्माचा दाखला मिळवला. त्यात आई म्हणून शार्लटची अल्पवयीन मुलगी कॉन्स्टन्स हिचे नाव निघाले. म्हणजे मर्ल जिला आई समजत होती ती तिची आजी, आणि जिला बहीण समजत होती ती तिची जन्मदात्री ठरते. हे सत्य मर्लला स्वतःला कितपत ठाऊक होते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तिन्ही मतांपैकी समकालीन सरकारी नोंदीचा आधार एकट्या मुंबईच्या मताला असल्याने येथे तेच ग्राह्य धरले आहे. वडील आर्थर थॉम्प्सन हे इंग्लंडमधील डार्लिंग्टनचे, रेल्वेच्या नोकरीत असलेले यंत्र अभियंता. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते सैन्यात दाखल झाले व त्याच काळात वारले.

१९१७ च्या सुमारास शार्लट मर्लला घेऊन कोलकात्यास गेली. ला मार्टिनिअर या नामांकित शाळेत मर्लला प्रवेश मिळाला, परंतु मिश्र वंशावरून होणाऱ्या हेटाळणीमुळे तिने ती शाळा सोडली, असे चरित्रकार सांगतात. पुढे तिने टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली आणि हौशी नाट्यसंस्थेच्या प्रयोगांतून कामे केली. रेल्वे, तारखाते व टेलिफोन ही त्या काळी अँग्लो-इंडियन समाजाच्या उपजीविकेची ठरलेली क्षेत्रे होती. पुण्यात जन्मलेली, बगदादी ज्यू कुटुंबातील रुबी मायर्स हीसुद्धा टेलिफोन ऑपरेटरच होती. ती मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीत आली आणि ‘सुलोचना’ या नावाने मूकपटांची सर्वांत लोकप्रिय नायिका झाली. अँग्लो-इंडियन रेनी स्मिथ ‘सीता देवी’ झाली. येथील पडद्यासाठी या तरुणींनी हिंदू नावे घेतली. ओबेरॉन उलट दिशेने गेली, आणि तिकडच्या पडद्यासाठी तिला हिंदुस्थानचीच ओळख पुसावी लागली.

१९२०–३० या दशकाच्या अखेरीस ती शार्लटसह युरोपात गेली. फ्रान्समधील नीस येथे रेक्स इंग्रम या दिग्दर्शकाच्या चित्रीकरणस्थळी तिने किरकोळ कामे केल्याचे सांगतात. लंडनमध्ये कॅफे द पारी या नृत्यगृहात ती क्वीनी ओब्रायन या नावाने काम करीत असे आणि बोलपटांतून नाव नसलेल्या भूमिका मिळवीत असे. हंगेरियन वंशाचे निर्माते-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा यांचे तिच्याकडे लक्ष गेले व तिचे नशीब पालटले. ओब्रायनशी नाद जुळणारे ‘ओबेरॉन’ हे नाव याच काळातले. ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ (१९३३) मध्ये तिने ॲन बुलिन साकारली. चित्रपटाच्या आरंभीच राणीचा शिरच्छेद होत असल्याने भूमिका काही मिनिटांचीच आहे. तरीही मरणाला सामोरे जाणारा तो शांत, रेखीव चेहरा प्रेक्षकांच्या मनात ठसला. पुढच्याच वर्षी ‘द स्कार्लेट पिंपरनेल’ मध्ये लेस्ली हॉवर्डसमोर ती नायिका झाली.

हॉलिवूडचे निर्माते सॅम्युएल गोल्डविन यांनी कोर्डांकडून तिच्या करारात वाटा घेतला. सिडनी फ्रँकलिन दिग्दर्शित ‘द डार्क एंजल’ (१९३५) मधील किटी व्हेन या भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले. पुरस्कार बेटी डेव्हिसला गेला. युद्धात दृष्टी गमावलेला नायक, खोलीतील प्रत्येक वस्तूची जागा पाठ करून, किटीसमोर आपल्याला दिसत असल्याचा आव आणतो, तो प्रसंग मुद्दाम पाहण्यासारखा आहे. सत्य किटीच्या लक्षात येते, तेव्हा ओबेरॉन फारसे बोलत नाही. समजत गेल्याची खूण आधी डोळ्यांत व मग ओठांशी उमटते. पुढील वर्षीच्या विल्यम वायलर दिग्दर्शित ‘दीज थ्री’ मधील तिची शिक्षिका याच संयमाची आहे. सौंदर्यामुळे तिच्या अभिनयाकडे समीक्षकांचे दुर्लक्ष झाले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या काळात वंश लपवणे ही तिची खाजगी लहर नव्हती. अमेरिकन निर्मात्यांनी १९३० मध्ये स्वीकारलेल्या व १९३४ पासून काटेकोरपणे अंमलात आलेल्या निर्मितिसंहितेने गोऱ्या व कृष्णवर्णीयांमधील प्रेमसंबंध पडद्यावर दाखवण्यास मनाई केली होती, आणि व्यवहारात तिची झळ आशियाई कलावंतांनाही लागत असे. चिनी वंशाच्या ॲना मे वाँग हिला ‘द गुड अर्थ’ (१९३७) ची चिनी नायिकाही करू दिली गेली नाही, कारण नायकाचे काम गोऱ्या नटाकडे होते. अशा व्यवस्थेत मुंबईचा जन्म उघड झाला असता, तर ओबेरॉनला गोऱ्या नायकांसमोरच्या भूमिका मिळाल्या नसत्या. परक्यांसमोर शार्लट मर्लची आया म्हणून वावरे, असे अनेकांनी लिहिले आहे. १९३७ मध्ये शार्लट वारल्यानंतर मर्लने तिचे चित्र रंगवून घेतले व त्यात तिची कांती उजळ करवली, हीही आख्यायिका प्रचलित आहे.

मार्च १९३७ मध्ये लंडनमध्ये झालेल्या मोटार अपघातात ती जखमी झाली आणि जोसेफ फॉन स्टर्नबर्ग दिग्दर्शित करीत असलेला, तिची रोमन सम्राज्ञी मेसालिनाची भूमिका असलेला ‘आय, क्लॉडियस’ अर्धवट सोडून देण्यात आला. चित्रीकरण आधीपासूनच अडखळत होते व अपघात हे निमित्त ठरले, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. वायलर यांच्याच ‘वदरिंग हाइट्स’ (१९३९) मधील कॅथी ही तिची सर्वांत गाजलेली भूमिका. नायक लॉरेन्स ऑलिव्हिए याला या जागी व्हिव्हियन ली हवी होती, त्यामुळे दोघांत फारसे सख्य नव्हते. स्वयंपाकघरात दाईपाशी बोलता बोलता, आपण व प्रियकर हीथक्लिफ वेगळे नाहीतच, हे कॅथीला उमगते त्या क्षणी वीज चमकते. दिग्दर्शकाची ही युक्ती ढोबळ वाटू शकेल, पण ओबेरॉनचा चेहरा ती पेलून नेतो. या चित्रपटातील छायालेखनासाठी ग्रेग टोलंड यांना ऑस्कर मिळाले.

छायालेखनाच्या इतिहासात ओबेरॉनचे नाव एका दिव्यामुळे टिकून आहे. तिच्या चेहऱ्यावरील व्रणांचे कारण काही जण १९३७ चा अपघात देतात, तर काही जण १९४० च्या सुमारास झालेली प्रसाधनांची विषबाधा व सल्फा औषधांची प्रतिक्रिया देतात. हा दिवा १९४० नंतर चार वर्षांनी आला असल्याने दुसरे कारण अधिक संभवते. ‘द लॉजर’ (१९४४) चे छायालेखक लूसियन बॅलर्ड यांनी कॅमेऱ्याच्या भिंगालगत बसेल असा मंद दिवा योजला. त्वचेवरचा व्रण कॅमेऱ्याला दिसतो तो मुख्यतः त्याच्या सावलीमुळे, आणि प्रकाश बाजूने येत असेल तेव्हा सावली ठळक पडते. प्रकाश भिंगाच्याच दिशेने आला की सावली उंचवट्याच्या मागे दडते व कॅमेऱ्याला सपाट, नितळ पृष्ठभाग दिसतो. शिवाय डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका उमटून नजर सजीव होते. या दिव्याला तिच्या नावावरून ‘ओबी’ म्हणतात आणि ही संज्ञा चित्रीकरणाच्या व्यवसायात आजही रूढ आहे.

‘अ साँग टू रिमेंबर’ (१९४५) मधील फ्रेंच लेखिका जॉर्ज सँड आणि ‘देझिरे’ (१९५४) मधील नेपोलियनची पत्नी जोसेफीन या तिच्या उत्तरकाळातील उल्लेखनीय भूमिका होत. ‘इंटरव्हल’ (१९७३) हा शेवटचा चित्रपट तिने स्वतः निर्मिला. अलेक्झांडर कोर्डा (१९३९–४५), बॅलर्ड (१९४५–४९), उद्योगपती ब्रूनो पालयाय (१९५७–७३) आणि अभिनेता रॉबर्ट वोल्डर्स (१९७५ पासून) यांच्याशी तिचे विवाह झाले. कोर्डांना १९४२ मध्ये सर ही पदवी मिळाल्याने ती लेडी कोर्डा झाली होती.

१९७८ मध्ये ती होबार्टला गेली. तेथे नगराध्यक्षांकडून तिचा स्वागतसमारंभ झाला, परंतु तो तिला असह्य झाला व प्रकृतीचे कारण देऊन ती त्यातून निघून गेली, असे वृत्तान्त आहेत. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथे पक्षाघाताने तिचे निधन झाले. कोर्डांचे पुतणे मायकल कोर्डा यांनी तिच्या आयुष्यावर बेतलेली कादंबरी १९८५ मध्ये लिहिली. २०२३ मध्ये मलेशियन अभिनेत्री मिशेल यो हिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले त्या वेळी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे नामांकन मिळालेली पहिली आशियाई स्त्री कोण, हा प्रश्न निघाला. स्वतःला आशियाई म्हणवणाऱ्यांत यो पहिली, आणि वंशाचा निकष लावल्यास ‘द डार्क एंजल’ ची ओबेरॉन पहिली, अशी विभागणी तेव्हापासून केली जाते.