खडकीतलं जुनं घर दुरुस्त करण्याआधी: जमीन, दगड आणि नदीची हकिगत

पहिल्याच भेटीत बरेच घरमालक सांगतात, "घर पेशव्यांच्या काळातलं आहे हं." आम्ही मान डोलावतो आणि शिडी लावून माळ्यावर चढतो. एखादं कौल उलटं केलं की पाठीवर मंगळूरच्या कारखान्याची मोहर निघते. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो 1865 मध्ये. पेशवाई बुडून तेव्हा 47 वर्षं झाली होती. अर्थात भिंती आधीच्या आणि छप्पर मागाहूनचं असंही असतं, म्हणून आम्ही वाद घालत नाही. पण खडकीत घराचं वय विचारायचं तर पेशव्यांपेक्षा पलटणीला विचारलेलं बरं.

हे पत्रक काढायचं कारण एवढंच, की आम्हाला तेच तीन प्रश्न रोज येतात. नळ गळत नसताना भिंतीला ओल का? साधी पडवी वाढवायची तर एवढी परवानगी कशाला? आणि तुम्ही सिमेंटचा गिलावा का करून देत नाही? तिन्ही प्रश्नांचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं. खडकी आज दिसते तशी वसली ती लष्करासाठी, आणि लष्कर इथे आलं ते नदी बघून.

नदी पाठीशी

1817 च्या ऑक्टोबरपर्यंत पुण्यातली इंग्रजांची फौज गारपिराजवळ, म्हणजे शहराला अगदी खेटून होती. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, एल्फिन्स्टन राहायचा मुळा-मुठेच्या संगमावरच्या बंगल्यात. दुसऱ्या बाजीरावाचे सरदार गावाभोवती फौजा जमवत होते. काहीतरी शिजतंय हे दोन्हीकडे कळलेलं होतं. 1 नोव्हेंबरला एल्फिन्स्टनने आपली ब्रिगेड गारपिरावरून हलवून खडकीला नेली. हे गाव मुळेच्या काठावर, नदी इथे वळण घेते. पाठीला पाणी, शेजारी गाव आणि समोर गणेशखिंडीपर्यंत मोकळा माळ. शिवाय वरच्या अंगाला दापोडीला कॅप्टन फोर्डची पलटण होती, तीही हाकेच्या अंतरावर.

5 नोव्हेंबरला दुपारनंतर तोंड लागलं. एल्फिन्स्टनने बंगला सोडला, नदी उतरून पलीकडच्या काठाने खडकी गाठली. मुळा त्याने मराठ्यांच्या आणि आपल्या मध्ये ठेवली. मागे बंगल्याला आग लागली ती त्याच्या कागदपत्रांसह. कर्नल बर याच्या हाताखाली सगळे मिळून जेमतेम 2,800 लोक होते. पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांकडे त्याच्या कितीतरी पट, त्यात घोडदळ मोठं. बाजीराव पर्वतीवरून बघत होते.

आता आमच्या धंद्याशी संबंध असलेली गोष्ट. गोखल्यांच्या घोडदळाने भरधाव चाल केली, आणि इंग्रजांच्या रांगेपुढे जी जमीन होती ती वरून कोरडी, खाली दलदल निघाली. घोडी रुतली, एकमेकांवर आदळली, आणि समोरून बंदुकांची फैर सुटली. इंग्रजांच्या बाजूला मेलेले आणि जखमी मिळून 86. मराठ्यांकडचे सुमारे 500. ज्या खडकीचं नाव खडकावरून पडलं म्हणतात तिथे लढाईचं पारडं चिखलाने फिरवलं. पाया खणताना आम्हाला ही गंमत अजून अनुभवाला येते. एका कोपऱ्यात दोन फुटांवर पहार ठणकते, आणि त्याच घराच्या दुसऱ्या कोपऱ्यात काळी माती संपता संपत नाही. म्हणून आम्ही एकाच जागी खड्डा घेऊन पायाचा अंदाज देत नाही. चार कोपरे बघतो.

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोरो दीक्षित पेशव्यांकडचे, पण कॅप्टन फोर्डचे स्नेही. लढाई झालीच तर एकमेकांच्या बायकामुलांना सांभाळायचं असं दोघांचं आधी बोलणं झालेलं होतं. दीक्षित पडले ते फोर्डच्याच पलटणीच्या तोफेने.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. जनरल स्मिथ येऊन पोचला, येरवड्याला चकमक झाली, आणि 17 नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. जून 1818 मध्ये बाजीरावांनी इंग्रज सेनानी माल्कमकडे शरणागती पत्करली आणि त्यांची रवानगी बिठूरला झाली. ब्रिगेडने मात्र खडकी सोडली नाही. तात्पुरता तळ म्हणून ठोकलेले तंबू हळूहळू बराकी झाले. फोर्डचं दापोडीचं घर पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेल्या याच माल्कमने सरकारसाठी घेतलं, आणि गणेशखिंडीतला मोठा राजवाडा उभा राहीपर्यंत गव्हर्नरसाहेब पुण्याला आले की तिथे उतरत. त्या गणेशखिंडीच्या वाड्यात 1949 पासून पुण्याचं विद्यापीठ आहे.

जमीन कुणाची

छावणीत जमीन वाटली गेली ती लष्कराच्या सोयीने. साहेबाला बंगला बांधायला जागा द्यायची, बांधकाम त्याचं, पण जमीन सरकारची, आणि गरज पडली तर सरकार ती परत घेणार. याला अजूनही 'ओल्ड ग्रँट' म्हणतात. बंगले हातोहात विकले गेले. साहेबाकडून पारशाकडे, पारशाकडून व्यापाऱ्याकडे, आणि आज कदाचित तुमच्याकडे. कागदावरची अट मात्र तीच राहिली. म्हणून खडकीत 'जागा आमची आहे' असं कुणी म्हटलं की आम्ही हळूच विचारतो, वरचं बांधकाम तुमचं की खालची जमीनही?

याचं उत्तर सातबाऱ्यावर सापडत नाही. ते जनरल लँड रजिस्टरमध्ये असतं, ज्याला सगळे जी.एल.आर. म्हणतात. त्यात प्रत्येक सर्व्हे नंबरपुढे जमिनीचा वर्ग लिहिलेला असतो. 'बी-3' दिसलं तर समजा ओल्ड ग्रँटचं प्रकरण. कौलं बदलणं, गिलावा, रंग ही साधी डागडुजी वेगळी. भिंत पाडणं, मजला चढवणं, व्हरांडा बंद करून खोली करणं वेगळं. दुसऱ्या प्रकारातलं काहीही करायचं असेल तर आधी छावणीचा कारभार बघणाऱ्या कॅन्टोन्मेंट बोर्डाची मंजुरी हवी. एका ग्राहकाने आम्हाला न सांगता दुसऱ्या गवंड्याकडून व्हरांड्याला विटा लावून घेतल्या. वर्षभराने नोटीस आली, विटा निघाल्या, आणि दगडी खांबांना पडलेल्या खाचा बुजवायला आम्हाला बोलावणं आलं. पैसे दोनदा गेले.

कारखान्यांच्या आसपास आणखी बंधनं आहेत. दारूगोळा कारखाना इथे 1869 पासून आहे, आणि स्फोटकांचा, ज्याला आपण एच.ई. फॅक्टरी म्हणतो, तो दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराचा. अशा ठिकाणाभोवती मोकळी जागा ठेवावीच लागते. रेंज हिल्स हे नावसुद्धा गोळीबाराच्या रेंजवरूनच आलं. 2021 च्या ऑक्टोबरपासून दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेले, तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. पण तुमच्या परवानगीच्या कागदात त्याने काही फरक पडत नाही.

जुन्या घराच्या माळ्यावर कधी कधी पितळी पुंगळी मिळते. बुडावर के आणि एफ ही इंग्रजी अक्षरं, मध्ये बाण, आणि सालाचे दोन आकडे. के म्हणजे किर्की. इंग्रजांना खडकी म्हणता येईना. नुसती रिकामी पुंगळी असेल तर नातवंडांना दाखवायला ठेवा. टोकाला गोळी असेल तर हात लावू नका, घासूनपुसून बघू नका, सरळ पोलिसांना कळवा. आमच्या माणसांनाही आम्ही हेच सांगून ठेवलंय.

भिंत दगडाची, श्वास चुन्याचा

छावणीतली जुनी बांधकामं काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली. जोतं उंच, भिंत दीड-दोन फुटांची, आत डबराचा भराव, वर सागवानी वासे आणि रिपा. ही भिंत पाणी पिते आणि परत सोडते. पावसाळ्यात जमिनीतून ओल चढते, उन्हाळ्यात चुन्यातून उडून जाते. आपण काय करतो, पोपडे दिसले की वर सिमेंट थापतो. सिमेंट ओलीला वाट देत नाही. ती आत कोंडते, वर चढते, आणि पूर्वी गुडघ्याएवढा असलेला लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा क्षारांचा पांढरा थर, दोन वर्षांत छातीपर्यंत येतो.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका घराला आम्ही स्वतःच तसा गिलावा केला होता. भिंत छान गुळगुळीत झाली, मालक खूश. तिसऱ्या पावसाळ्यात मालकीणबाईंनी बोलावून नुसतं बोटाने टिचकी मारून दाखवली. सगळा गिलावा पोकळ वाजत होता. तो आम्ही आमच्या खर्चाने उतरवला, आणि तेव्हापासून चुन्याच्या भिंतीवर चुनाच. चुना भिजवून मुरवायला दिवस लागतात, वरचा निरूचा, म्हणजे बारीक चुन्याचा गुळगुळीत, हात देणारे गवंडी आता मोजके उरलेत, त्यामुळे आमचा भाव जास्त वाटतो. तो आहेच जास्त. पटत नसेल तर दोन ठिकाणी विचारून बघा, पण विचारताना 'चुन्यात कराल का' हे आधी विचारा.

पाणी कुठलं

वयस्कर मंडळी ओलीचा विषय निघाला की पानशेतचं धरण फुटल्याची गोष्ट काढतात. 12 जुलै 1961 चा तो पूर मुठेचा. खडकी मुळेवर आहे, संगमाच्या वरच्या अंगाला. आपल्याकडे पाणी चढतं ते मुळशीतून आणि पवनेतून. पवना दापोडीजवळच मुळेला मिळते. मुळशीचं धरण टाटांचं. त्याचं पाणी एरवी घाटाखाली भिऱ्याला वीज करायला जातं, पण धरण भरलं की जादाचं आपल्या अंगणात येतं. ऑगस्ट 2019 मध्ये दोन्हीकडून एकदम विसर्ग झाला तेव्हा बोपोडी आणि खडकीतल्या नदीकाठच्या घरांत काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे.

म्हणून नदीच्या बाजूचं घर असेल तर पूररेषेचा नकाशा बघून घ्या. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत तळमजल्यावर लाकडी जमीन किंवा प्लायवुडची कपाटं आम्ही सुचवत नाही. विजेची बटणं कमरेच्या वर घेतो. जुन्या बांधकामाचं उंच जोतं कुणी हौसेने अंगणात भर घालून बुजवलं असेल तर ते मोकळं करायला सांगतो. बांधणाऱ्याला नदी माहीत होती.

नदीने लष्कराला दिलं तसं लष्करानेही नदीला थोडं परत केलं. चांदवडकडचा दत्तू भोकनळ 2012 मध्ये इथल्या बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या अभियंत्यांच्या तुकडीत भरती झाला, पुण्यात वल्हवायला शिकला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकला एकट्याच्या नौकेत तेरावा आला. खेळाचं म्हणाल तर हॉकीपटू धनराज पिल्लेही इथलाच, कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला. वडील मैदानाची देखभाल करायचे, पोरं मोडक्या स्टिका बांधून खेळायची. पलटणी आणि कारखान्यांमुळे तमिळ, तेलुगू, पंजाबी अशी सगळी घरं इथे शेजारी-शेजारी आली. आमच्या मिस्त्रीला म्हणूनच चार भाषांत 'उद्या नक्की' म्हणता येतं.

बाहेरगावचे पाहुणे आले तर त्यांना मुळा रोडवरच्या युद्धस्मशानभूमीत घेऊन जा. दुसऱ्या महायुद्धातल्या 1,600 हून जास्त सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतातल्या, जिथे पुढे देखभाल होणं अवघड होतं अशा ठिकाणांहून त्या इथे आणल्या. पहिल्या महायुद्धातल्या 1,800 हून जास्त जणांची नुसती नावं आहेत. दगडाचं काम करणाऱ्याने ती जागा बघावीच. एकसारखे दगड, एकसारखं अंतर, आणि कुठेही लोणा नाही.

आम्हाला बोलावण्याआधी

जी.एल.आर.चा उतारा, असल्यास बोर्डाचा जुना मंजूर नकाशा, आणि घरपट्टीची शेवटची पावती काढून ठेवा. पाहणी आम्ही शक्यतो पावसाळ्यातच करतो, कारण तेव्हा भिंत खरं बोलते. काम मात्र दिवाळीनंतर सुरू होतं. पाहणीच्या आधी भिंतीला रंग लावू नका, पोपडे खरवडू नका. माळ्यावर चढायची शिडी घरात असेल तर सांगा, नसेल तर आमची घेऊन येतो.