पेटीतून घरी आलेल्या बाळासाठी

बाळ घरी आले, मनापासून अभिनंदन! बांबोळीला असो वा म्हापसा-मडगावच्या इस्पितळात, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या काचेच्या पेटीबाहेर बसून काढलेले दिवस आईबापांना काय करून जातात ते आम्ही घरोघरी ऐकतो. आमच्या परिचारिका घरी येऊन बाळाचे वजन, तापमान आणि दूध पिणे पाहतात, आईला हाताला धरून शिकवतात. निदान करणे किंवा औषध बदलणे हे आमचे काम नव्हे, ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांचे.

आधी डिस्चार्ज कार्ड काढा आणि डोळ्यांच्या तपासणीची तारीख शोधा. गरोदरपणाच्या ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ही तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांआधी आलेल्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा हलक्या बाळाची त्याहून लवकर, दोन-तीन आठवड्यांतच. अशा बाळाच्या डोळ्यांतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढला जाऊन सुटतो, नजर जाते. बाहेरून मात्र डोळा टपोरा, सुरेख दिसतो. त्यामुळे "बघतो की तो दिव्याकडे" असे म्हणून तारीख टाळली जाते. कृपा करून टाळू नका. वेळेत कळले तर लेझरने किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनने नजर वाचवता येते. एकदा दाखवून भागतही नाही. पडदा पूर्ण वाढला असे डॉक्टर सांगेपर्यंत जायचे.

तारीख चुकते ती बहुतेक वेळा निष्काळजीपणाने नव्हे. बाळंतीण माहेरी पेडण्याला किंवा दोडामार्गला जाते, कार्ड सासरच्या कपाटात राहते. म्हणून या पत्रकाच्या मागे रकाने दिले आहेत. तारखा तिथे उतरवा आणि पत्रक बाळ असेल त्या घरात भिंतीला लावा. कानांच्या तपासणीलाही रकाना आहे. ती पहिल्या महिन्यात, फार तर तिसऱ्यापर्यंत पुरी करावी.

आता ऊब. गेल्या पावसाळ्यात सत्तरीतल्या एका घरी बाळ तीन दुपट्यांत गुंडाळलेले होते, तरी तळपाय गार. आतले लंगोट दमट होते, पावसात वाळलेच नव्हते. बाळाला कोरडे केले, टोपी-मोजे घातले आणि आईच्या उघड्या छातीवर उभे धरून वरून साडी लपेटली. अर्ध्या तासात पाय कोमट झाले आणि बाळ स्तनाकडे तोंड वळवू लागले. हीच कांगारू पद्धत. बाबांनी, आजीनेही करावी, दिवसातून जितके तास जमेल तितके. बगलेतले तापमान ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस असावे.

दूध आईचेच, दर दोन-तीन तासांनी, झोपेतून उठवूनही. ओढायला ताकद नसेल तर पिळून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. बाटली नको. वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर; दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ चांगली. लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांनी लिहिलेत तितकेच.

आजींना आदराने सांगतो: आवेलाने (नारळाच्या तेलाने) हलक्या हाताने मालीश जरूर करा, पण डॉक्टरांना विचारून. धुरी, घुटी, मध, काजळ मात्र नको. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. चवथीला मूळ घरी न्यायचे का, हे सगळे विचारतात. गर्दीत हातोहात फिरवू नका, खोकला-सर्दी असलेल्यांपासून लांब ठेवा.

शेजारच्या मुलाशी तुलना करताना आधी वय नीट मोजा. ३२ आठवड्यांना जन्मलेले बाळ दोन महिने लवकर आले, म्हणून चार महिन्यांचे झाले तरी त्याच्याकडून दोन महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा ठेवायची. दोन वर्षांपर्यंत असेच मोजतात. लसी मात्र खऱ्या जन्मतारखेप्रमाणे, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर.

बाळ दूध ओढेनासे झाले, मिनिटाला ६० हून जास्त श्वास घेऊ लागले, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, श्वास थांबून निळे पडले, झटका आला, उठवूनही जागे होईना, तळहात-तळपाय पिवळे दिसले, किंवा ऊब देऊनही गार राहिले तर आमची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. श्वास मोजायचा तर बाळ शांत असताना, घड्याळात पूर्ण एक मिनिट, पोटाकडे बघून. गाडीतही बाळ आईच्या छातीवरच ठेवा आणि कार्ड सोबत घ्या.