लॅक्स्टन

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यातील छोटे गाव. १०८६ च्या डूम्सडे या जमीन-नोंदवहीत त्याचा उल्लेख आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी देशभरची खुली शेते कुंपणबंद झाली. लॅक्स्टनची पूर्णपणे कधीच झाली नाहीत.

गावाभोवती वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन विस्तीर्ण शेते आहेत. आत कुंपण नाही. प्रत्येक शेतात अनेक कुळांचे लांबट पट्टे. जुन्या मापाचा आदर्श पट्टा २२० यार्ड लांब, २२ यार्ड रुंद, म्हणजे बरोबर एक एकर. पहिल्या वर्षी हिवाळी गहू, दुसऱ्या वर्षी वसंतातला पेरा, तिसऱ्या वर्षी पडीक. आता पडीच्या वर्षी चाऱ्याचे पीकही घेतात. जमीन भारी चिकणमातीची असल्याने ही विश्रांती पूर्वी आवश्यकच होती. पीक निघाले की खुंटांवर सगळ्यांची जनावरे चरत. त्यामुळे एकट्याने वेगळे पीक घ्यायची सोय नव्हती: त्याची कापणी लांबली की सगळ्यांची जनावरे अडत.

बांध कोरणे हा इथलाही जुना रोग. त्यावर इलाज म्हणून नोव्हेंबरअखेर, गव्हाची पेरणी झाली की, पंच त्या वर्षीचे गव्हाचे शेत पायी फिरून पाहतात. पट्ट्यांच्या हद्दीवर खुंट्या ठोकतात, चर साफ आहेत का बघतात. कोणाचा नांगर सामाईक वाटेत किंवा ‘साइक’मध्ये घुसला असेल तर दंड ठरतो. साइक म्हणजे नांगरटीला गैरसोयीच्या, ओलसर जागी राखलेले गवताचे पट्टे. आठवड्याभराने कोर्ट लीट हे गावन्यायालय डव्हकोट इन या मद्यगृहात भरते आणि दंडावर शिक्कामोर्तब करते. दंडाची रक्कम किरकोळ असते; पण शेजाऱ्यांसमोर नाव वाचले जाते, आणि खरी जरब तीच. १९७७ च्या कायद्याने अशा बहुतेक न्यायालयांचे अधिकार गेले, लॅक्स्टनचे राहिले.

जमीन शिवारभर विखुरलेली, म्हणून शेतकऱ्यांची घरे शेतात नाहीत, गावातच रस्त्यालगत आहेत. उत्तरेला नॉर्मन किल्ल्याचा मातीचा उंचवटा आहे.

१९५२ मध्ये अर्ल मॅन्व्हर्सच्या थोर्सबी जहागिरीकडून गाव सरकारच्या कृषी खात्याने घेतले, १९८१ मध्ये ते राजसत्तेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेले आणि २०२० मध्ये पुन्हा थोर्सबी जहागिरीकडे आले.

मार्क पिअर्सने १६३५ मध्ये काढलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यावरून आजचे पट्टे शोधायला गेल्यास मात्र फसगत होते; विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक छोटे पट्टे जोडून मोठे केले गेले.