सौदापूर्ती (शेअर बाजार)

शेअर बाजारात सौदा ठरल्यानंतर विकणाऱ्याचे शेअर्स घेणाऱ्याच्या खात्यात आणि घेणाऱ्याची रक्कम विकणाऱ्याच्या खात्यात पोहोचेपर्यंतच्या प्रक्रियेस सौदापूर्ती म्हणतात. तिचा पहिला टप्पा म्हणजे कोणाचे कोणाकडे किती देणे-घेणे निघते ते ठरविणे. यास समाशोधन अशी संज्ञा आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः मुंबईतील बाजारांविषयी आहे.

मुंबईत १८६४-६५ च्या कापूस-तेजीत शेअर्सचे मुदतीचे सौदे सर्रास होत असत. त्यांपैकी बऱ्याच सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ रोजी भरत होती. परंतु त्याआधीच अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळल्यामुळे अनेकांना देणी चुकती करता आली नाहीत आणि व्यापारी व बँका एकापाठोपाठ एक बुडाल्या. या पडझडीचे खापर सहसा सट्ट्यावर फोडले जाते. मात्र सौदा पुरा होण्याची हमी प्रतिपक्षाच्या आर्थिक पतीवाचून अन्य कशातही नव्हती, हे कारणही तितकेच महत्त्वाचे मानले पाहिजे. दलालांची संघटना त्यानंतर दहा वर्षांनी, १८७५ मध्ये स्थापन झाली.

सौदा पुरा न करता पुढच्या वलणात, म्हणजे सौदापूर्तीच्या पुढच्या आवर्तनात, ओढण्याची ‘बदला’ ही पद्धत मुंबईत दीर्घकाळ टिकली. तिचा आरंभ निश्चितपणे सांगता येत नाही. लंडनच्या बाजारातील काँटँगोशी, म्हणजे आकार देऊन सौद्याची पूर्ती पुढे ढकलण्याच्या तेथील पद्धतीशी, तिचे साम्य उघड असल्याने ती तेथून आली असावी, असे मानता येते. तथापि मुंबईत मुदतीच्या सौद्यांची वहिवाट दलालांची संघटना होण्यापूर्वीपासूनची असल्यामुळे स्थानिक मूळ अधिक संभाव्य वाटते. तिचे गणित असे : २५० रुपयांनी १०० शेअर्स घेणाऱ्यास ते उचलायचे नसतील आणि वलणाच्या अखेरीस हवाला दर, म्हणजे सौदे पुढे ओढण्यासाठी बाजाराने ठरविलेला भाव, २४० ठरला असेल, तर तो फरकाचे १,००० रुपये भरी, सौदा २४० च्या भावाने पुढे ओढला जाई आणि त्याच्या वतीने पैसा पुरविणाऱ्यास तो बदल्याचा आकार देई. तेजीवाले, म्हणजे भाव वाढेल या अपेक्षेने घेणारे, अधिक असल्यास हा आकार घेणाऱ्याने द्यावयाचा, त्यास सीधा बदला म्हणत. विकलेल्या शेअर्सचाच तुटवडा असल्यास तो विकणाऱ्यावर पडे, तो उंधा बदला. रोखीचा सौदा, वायदा आणि कर्ज या तिन्ही गोष्टी एकाच व्यवहारात मिसळल्यामुळे एकूण जोखीम मोजणे अवघड होई, हा या पद्धतीवरील आक्षेप रास्त दिसतो. वायदे सौद्यांवर १९६९ मध्ये बंदी आली. पुढे निवडक शेअर्सपुरती मुभा मिळाली. सेबीने (शेअर बाजाराची नियामक संस्था) डिसेंबर १९९३ मध्ये बदल्यास मनाई केली, नंतर तो सुधारित स्वरूपात परत आला आणि जुलै २००१ पासून कायमचा बंद झाला.

संस्थात्मक समाशोधनाचा प्रारंभ कोणता मानावा, याविषयी दोन पक्ष संभवतात. बँक ऑफ इंडियाने १९२१ मध्ये मुंबई शेअर बाजारासाठी समाशोधन गृह चालविण्यास सुरुवात केली, ती घटना प्रारंभ म्हणून बहुधा दिली जाते. परंतु त्या गृहाचे काम मुख्यतः हिशेब, शेअर्स व रकमा एकत्र आणण्याचे होते. सदस्याने, म्हणजे बाजारातील दलालाने, हात वर केल्यास ते देणे स्वतःवर घेण्याचे नव्हते. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या (एनएसई) क्लिअरिंग कॉर्पोरेशनने १९९६ मध्ये काम सुरू करून प्रत्येक विक्रेत्याची खरेदीदार व प्रत्येक खरेदीदाराची विक्रेती होण्याची जबाबदारी पत्करली. आजच्या अर्थाने समाशोधनाचा आरंभ तेथून धरणे अधिक योग्य होय.

प्रचलित पद्धतीत दिवसभराचे सौदे एकमेकांत वळते होतात. एखाद्या सदस्यामार्फत एकाच शेअरची १,००० ची खरेदी व ८०० ची विक्री झाली असेल, तर त्याच्या नावे केवळ २०० शेअर्सचे येणे उरते. शेअर्स डिपॉझिटरीमार्फत, म्हणजे ते इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या रूपात सांभाळणाऱ्या संस्थेमार्फत, आणि रक्कम क्लिअरिंग बँकेमार्फत जमा होते. भाव प्रतिकूल गेल्यास सदस्य बुडू नये म्हणून मार्जिन, म्हणजे सौद्यापोटीची अनामत, आधीच घेतले जाते. शेअर्स देण्यात कसूर झाल्यास बाजार लिलावाद्वारे ते मिळवितो आणि वाढीव खर्च कसूरदाराच्या माथी पडतो. लिलावातही न मिळाल्यास घेणाऱ्यास रोखीने भरपाई दिली जाते.

कागदी शेअर्सच्या काळात सहीतील तफावत, सदोष हस्तांतरणपत्र व बनावट प्रमाणपत्रे यांमुळे देवघेव रेंगाळत असे. १९९६ चा डिपॉझिटरी कायदा आणि त्याच वर्षी सुरू झालेली एनएसडीएल ही डिपॉझिटरी यांमुळे हा अडथळा दूर होऊ लागला. त्या काळी मुंबई शेअर बाजाराचा सौद्यांचा आठवडा शुक्रवारी, तर राष्ट्रीय शेअर बाजाराचा मंगळवारी संपे. त्यामुळे एका बाजारातला सौदा दुसऱ्यात सरकवून पूर्ती टाळता येत असे. २००१ मध्ये प्रत्येक दिवसाच्या सौद्यांची पूर्ती स्वतंत्रपणे, पाचव्या कामकाजाच्या दिवशी करण्याचा नियम आल्यावर ही पळवाट बुजली. ही मुदत एप्रिल २००२ मध्ये तीन व एप्रिल २००३ मध्ये दोन दिवसांवर आली. फेब्रुवारी २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेली एक दिवसाची मुदत, म्हणजे टी+१, २७ जानेवारी २०२३ रोजी सर्व शेअर्सना लागू झाली. अमेरिकेने ती मे २०२४ मध्ये स्वीकारली. त्याच दिवशी पूर्ती करण्याचा ऐच्छिक पर्याय मार्च २०२४ मध्ये २५ शेअर्सपुरता प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला.