स्मॉल-ब्लॉक शेव्हरोलेट : इंजिन व गिअरबॉक्सची बांधणी

गॅरेजच्या भाषेत ‘इंजिन बांधणे’ म्हणजे झिजलेले इंजिन शेवटच्या बोल्टपर्यंत खोलायचे, प्रत्येक भाग मोजायचा, वाचण्याजोगे भाग मशीनवर सारखे करून घ्यायचे, उरलेले बदलायचे आणि सगळे पुन्हा जुळवायचे. रिंग-पिस्टनवर भागले तर बहुधा ‘हाफ इंजिन’ म्हणतात, क्रँकपर्यंत (पिस्टनांची खाली-वर चाल फिरतीत बदलणारा दांडा) गेले तर ‘फुल’. जुन्या अमेरिकी गाड्यांत या कामासाठी सर्वाधिक हाताळले गेलेले इंजिन म्हणजे शेव्हरोलेटचे स्मॉल-ब्लॉक व्ही-८ (V आकारात दोन रांगांत आठ सिलिंडर). प्रस्तुत नोंद त्याच्याविषयी आणि त्याच्या मागे बसणाऱ्या स्वयंचलित गिअरबॉक्सविषयी आहे.

हे इंजिन १९५५ च्या मॉडेलबरोबर आले. शेव्हरोलेटचे मुख्य अभियंता एड कोल यांच्या देखरेखीखाली ते तयार झाले. सुरुवातीचे आकारमान २६५ घन इंच, म्हणजे ४.३ लिटर. पुढे २८३, ३२७ आणि १९६७ मध्ये ३५० घन इंच (५.७ लिटर) असे ते वाढत गेले. बाह्य आकार मात्र जवळजवळ तोच राहिला, त्यामुळे एका वर्षाचे कितीतरी भाग दुसऱ्या वर्षाच्या इंजिनाला बसतात. सुटे भाग आजही नवे मिळतात, याचे श्रेय बऱ्याच अंशी या सवयीला जाते.

खोलणे सोपे असते. इंजिन धुऊन निघाले, ब्लॉकमधील पाण्याच्या वाटांची बुचे काढली, की खरे काम सुरू होते, आणि ते पान्याचे नसून मायक्रोमीटरचे असते. सिलिंडर वरच्या टोकाशी, जिथे रिंगा थांबून परततात, तिथे सर्वांत जास्त झिजलेला असतो. म्हणून तो वर, मध्ये आणि खाली, आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी मोजतात. ३५० चा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४ इंच. झीज काढण्यासाठी तो बहुधा ०.०३० इंचाने (०.७६ मिमी) मोठा करतात आणि ओव्हरसाइज पिस्टन घालतात, मग इंजिन ३५५ घन इंचांचे होते. होनिंग करताना (दगडाने सिलिंडर आतून घासताना) भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी उमटवतात. त्या रेघांत तेल टिकते आणि रिंगा बसतात. भिंत आरशासारखी चकचकीत दिसली की नवशिक्याला आनंद होतो, पण तशा भिंतीवर रिंगा बसतच नाहीत.

क्रँकला चिरा आहेत का, हे चुंबकत्व देऊन आणि लोहकण टाकून पाहतात. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) घासून बारीक केला तर ०.०१० किंवा ०.०२० इंच अंडरसाइज बेअरिंग लागते. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात तेलाच्या थरासाठी जर्नलच्या व्यासाच्या दर इंचाला सुमारे एक हजारांश इंच मोकळीक ठेवायची, असा जुना ठोकताळा आहे. हेडला (सिलिंडरांवरचे झाकण; यातच व्हॉल्व्ह असतात) प्रत्येकी १७ बोल्ट असतात. ते मधून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळतात. हे बोल्ट थेट पाण्याच्या पोकळीत उतरतात; त्यांच्या आट्यांना सीलंट लावायचे राहिले, तर पाणी बोल्टच्या कडेने वर येते.

जुन्या हेडमधील व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो ती कडा) साध्या ओतीव लोखंडाच्या असत. पेट्रोलमधील शिशाचा थर त्यांना झिजण्यापासून वाचवी. शिसे गेल्यावर, म्हणजे भारतात २००० पासून, बांधणीच्या वेळी कडक पोलादी सीट बसवून घेणे शहाणपणाचे ठरते.

नव्याने बांधलेली बरीच इंजिने मात्र पहिल्या अर्ध्या तासात मरतात. या पिढीच्या कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) सपाट टॅपेट (उंचवट्याची चाल व्हॉल्व्हकडे नेणारा तुकडा) घासत फिरतो. नवा कॅम आणि नवे टॅपेट यांची जोडी जमेपर्यंत इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या वर सुमारे २० ते ३० मिनिटे चालू ठेवावे लागते. आयडलवर ठेवले तर कॅमवर तेल पुरेसे उडत नाही आणि त्याचे उंचवटे खाल्ले जातात. तेलात जस्ताचे मिश्रणही लागते. उत्प्रेरक परिवर्तक (धुरातील विषारी वायू कमी करणारे भाग) खराब होऊ नयेत म्हणून आधुनिक तेलांत ते कमी केले आहे. डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज वाटणारा भाग) बसवण्याआधी त्याच भोकातून ड्रिल मशीनने तेलपंप फिरवून सगळीकडे तेल पोहोचवतात. पुढे ठिणगीचा क्रम : १-८-४-३-६-५-७-२.

गिअरबॉक्सचा स्वभाव वेगळा. १९५० मध्ये आलेला पॉवरग्लाइड दोनच गतींचा. १९६९ पासूनचा टर्बो हायड्रामॅटिक ३५० तीन गतींचा. इथे मशीनशॉपचे काम थोडे आणि स्वच्छतेचे जास्त. घर्षण-प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवतात. व्हॉल्व्ह बॉडीतील (तेलाचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग) बारीक गोळ्या कुठल्या खाचेत होत्या, याचे चित्र खोलतानाच काढून ठेवावे. जुळणी झाल्यावर दाबाखालची हवा सोडून प्रत्येक क्लच हलतो का, ते पाहतात. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण न बसवता इंजिनाला आवळला, तर पंप पहिल्याच दिवशी फुटतो. कन्व्हर्टर वेल्ड केलेला असल्याने घरी साफ होत नाही. आतल्या कचऱ्याची शंका असेल तर बदललेला बरा.

संग्राहकांना ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या समोर मारलेल्या शिक्क्याचे भारी अप्रूप असते. त्यावरून इंजिन त्याच गाडीचे आहे का, हे ताडता येते. ब्लॉकचा माथा प्लेन करताना हा शिक्का पुसला जातो, म्हणून कारागिराला ती जागा सोडून द्यायला आधीच बजावतात.

मुंबईत जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणी सुरू केली आणि १९५४ मध्ये थांबवली. म्हणजे शिवडीच्या शेव्हरोलेटीत हे व्ही-८ कधीच नव्हते. १९२९ नंतरच्या गाड्यांत सरळ रांगेतले सहा सिलिंडरच होते. पेट्रोल महागल्यावर भारतातल्या अनेक जुन्या अमेरिकी गाड्यांत डिझेल इंजिने घातली गेली. अशा गाडीच्या मालकाला बांधणीआधी योग्य ब्लॉक शोधावा लागतो, आणि तो शोध कधीकधी बांधणीपेक्षा महाग पडतो.