अडसर गेला, कुलूप आलं: दारं-खिडक्यांच्या बंदोबस्ताची पार्श्वभूमी

घरफोडीची बातमी मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं एकाच वाक्यात येते: 'बंद फ्लॅटचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी कपाटातील ऐवज लंपास केला.' फिर्यादीतून उचललेलं हे वाक्य इतकं गुळगुळीत झालं आहे, की त्यात नेमकं काय म्हटलंय तिकडे लक्षच जात नाही. उचकटला तो कोयंडा, म्हणजे दाराला बसवलेलं, कुलूप अडकवायचं लोखंडी कडं. कुलूप अनेकदा शाबूत असतं, तुटलेल्या कोयंड्यासकट जिन्यात पडलेलं आणि अजून लावलेलंच. गेली शे-सव्वाशे वर्षं आपण घराच्या सुरक्षेचा विचार कुलपापाशी सुरू केला आणि तिथेच थांबवला. दाराची फळी, चौकट, बिजागऱ्या आणि खिडक्या त्या विचारातून कशा सुटत गेल्या, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

'घरफोडी' हा शब्द ज्या घरांतून आला, तिथे दारापेक्षा भिंत फोडणं सोपं होतं. माती, कच्च्या विटा, कुडाच्या भिंती. 'मृच्छकटिका'तला शर्विलक मराठी प्रेक्षकांना गोविंद बल्लाळ देवलांच्या नाटकामुळे ओळखीचा आहे. तो चारुदत्ताच्या घरात शिरतो तो भिंतीला भगदाड पाडून. मूळ संस्कृत नाटकात त्याचं सगळं शास्त्रच येतं: भाजक्या विटा असतील तर उपसाव्यात, कच्च्या असतील तर कापाव्यात, मातीची भिंत भिजवावी, लाकूड असेल तर फोडावं. मोजायची दोरी आणायला विसरल्यावर तो जानव्यानेच माप घेतो. पुढे १८६० साली इंग्रजांनी भारतीय दंड संहिता केली, तेव्हा घरफोडीची व्याख्या करणाऱ्या कलम ४४५ खाली पहिलंच उदाहरण दिलं ते भिंतीला भोक पाडून आत हात घालणाऱ्याचं. त्याच कलमात दाराच्या भोकातून तार घालून कडी उचलणारा आहे, आणि मालकाची हरवलेली किल्ली सापडल्यावर तिने दार उघडून शिरणाराही आहे. रात्रीची घरफोडी वेगळी धरून तिला शिक्षा जास्त ठेवली. आता १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० आणि ३३१ मध्ये गेली आहे, पण भिंत, कडी आणि किल्ली या तीन वाटा तेव्हाच्या कायदा लिहिणाऱ्यांनी अचूक हेरल्या होत्या.

भिंती दगडाच्या आणि पक्क्या विटांच्या झाल्या, तसा सगळा भार दारावर आला. याचं टोकाचं रूप पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर अजून पाहायला मिळतं. हत्तीने धडक मारू नये म्हणून त्याच्या फळ्यांवर अणकुचीदार खिळे आहेत. सामान्य वाड्यांना खिळ्यांची गरज नव्हती, पण रचना त्याच जातीची होती. जाड सागवानी फळ्यांचं दुपाखी दार, आणि त्यातच वाकून शिरावं लागेल अशी दिंडी. मोठं दार एरवी बंदच असे. दिंडीतून एका वेळी एकच माणूस येई, तोही मान खाली घालून, म्हणजे आतल्याला त्याच्याकडे नीट बघायला वेळ मिळे. रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर खिडक्या कमी आणि लहान. घर उजेड घेई ते आतल्या चौकातून.

या दारांचा कणा होता अडसर. दाराच्या एका बाजूला भिंतीत खोल पोकळी ठेवलेली असे. दिवसा लाकडी अडसर तिच्यात ढकलून ठेवायचा आणि रात्री ओढून दारामागून आडवा समोरच्या भिंतीतल्या खाचेत घालायचा. यातली युक्ती साधी आणि फार भक्कम आहे. बाहेरून कुणी दाराला रेटा दिला, तर तो जोर कडीवर किंवा खिळ्यांवर येत नाही, अडसरावाटे दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जातो. जुना कोयंडाही आजच्यासारखा नव्हता. त्याचे पाय जाड फळीतून आरपार घालून आतल्या बाजूला वाकवत, त्यामुळे बाहेरून कटावणी घालून तो उपटून येत नसे. 'अडसर' म्हणजे नुसता अडथळा, असा अर्थ आज उरला आहे. ती वस्तू पाहिलेली माणसं कमी होत चालली आहेत.

या अडसराच्या वापरातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अडसर फक्त आतून लागतो. म्हणजे घरात कुणीतरी असणार, हे त्यात गृहीतच होतं. एकत्र कुटुंबात घर सहसा रिकामं पडत नसे. आजी, एखादी आत्या, बाळंतीण, कुणी ना कुणी असायचंच. गावात रात्रीची राखण जागल्याकडे आणि रामोशांकडे असे, म्हणजे सुरक्षेची एक फळी माणसांची होती. १८१८ नंतर कंपनी सरकारने गडांच्या आणि गावांच्या राखणीची जुनी वतनं काढून घेतली, तेव्हा रामोशी समाजाचा हक्काचा व्यवसायच हिरावला गेला. उमाजी नाईकांच्या उठावामागे हे एक मोठं कारण होतं.

कुलूप ही वस्तू नवी नव्हतीच. पेटारे, कोठारं, तिजोऱ्या यांना कुलपं होती. पण माणूस घरात नसताना सगळ्या घराची जबाबदारी एका कुलपावर टाकायची, ही शहराची गरज. इंग्लंडमध्ये ती आधी निर्माण झाली. पोर्टस्मथच्या सरकारी गोदीत चोरी झाल्यावर न फसणाऱ्या कुलपासाठी बक्षीस जाहीर झालं, आणि १८१८ मध्ये जेरेमाया चब यांनी आपलं कुलूप केलं. कुणी खोट्या किल्लीने छेडलं तर ते मालकाला कळायचं. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात अमेरिकेच्या हॉब्ज या कारागिराने चबचं कुलूप उघडून दाखवलं, तेव्हा इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. त्याच धामधुमीतून पुढे लायनस येल यांचं चपट्या किल्लीचं कुलूप आलं. आजही आपल्या बहुतेक दारांत त्याच्याच जातीचं सिलिंडर, म्हणजे किल्ली फिरते तो कुलपाचा गाभा, असतं.

आपल्याकडे अलीगढमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुलपांचा धंदा वाढला. तमिळनाडूत दिंडीगलच्या कुलपांनी नाव मिळवलं. त्यांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मुंबईची गोष्ट सुरू होते १८९७ मध्ये, आणि ते वर्ष साधं नव्हतं. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावी गेले. घरोघरी कुलपं लागली. इकडे पुण्यात १८९७ मध्येच प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घरात घुसत होते. त्यांना अडवायला कुठलंही दार पुरेसं नव्हतं. अशा काळात वकिली सोडलेल्या आणि शस्त्रक्रियेच्या हत्यारांच्या धंद्यात अपयश आलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी लालबागला, गॅस कंपनीशेजारी, कुलपांचा कारखाना काढला. मुंबईत घरफोड्या वाढल्या आहेत आणि लोकांनी आपला बंदोबस्त नीट करावा, अशी पोलीस आयुक्तांची सूचना वर्तमानपत्रात वाचून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. अर्देशीर यांनी कुलपाच्या आतल्या रचनेवर जिवापाड मेहनत घेतली. हलकी कुलपं एकमेकांच्या किल्लीने उघडत, त्या काळात प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी आणि घडण पक्की असणं ही मोठी गोष्ट होती. पुढे गोदरेजच्या कुलपाचं 'नवताल' हे नाव मराठी घरात कुलपालाच पर्याय म्हणून वापरात आलं.

इथेच दार आणि कुलूप यांची फारकत झाली, असं मला वाटतं. कुलूप चांगल्या कारखान्यात, मोजमाप करून, पोलादाचं बनू लागलं. ते ज्या कोयंड्यात अडकवायचं तो मात्र हार्डवेअरच्या दुकानातला स्वस्त पत्र्याचा, पाऊण इंची स्क्रूने फळीवर बसवलेला. कुलूप फोडायचं तर कौशल्य आणि वेळ लागतो. कोयंड्याला कटावणी आणि अर्धा मिनिट पुरतं. शिवाय बाहेर लटकणारं कुलूप जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतं की घरात कुणी नाही. अडसराने हे कधीच सांगितलं नव्हतं.

चाळीत हा प्रश्न फार जाणवला नाही, कारण तिथे बंदोबस्त पुन्हा माणसांकडे आला. गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले आजोबा, नळावरच्या बायका, दुपारभर उघडी दारं. अनोळखी माणूस तिसऱ्या मजल्यावर चढेपर्यंत त्याला चार जणांनी 'कुणाकडे?' असं विचारलेलं असायचं. बाहेर जाताना किल्ली शेजारी ठेवायची.

फ्लॅट आले आणि मधली गॅलरी गेली. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा यांच्या आधाराने मध्यमवर्ग सोसायट्यांत राहायला गेला. समोरासमोर बंद दारं. नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलं शाळेत. घर दहा ते सहा रिकामं राहू लागलं आणि 'दिवसा घरफोडी' हा प्रकार शहरात रुळला. दारही बदललं होतं. सागवान परवडेना, म्हणून प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये लाकडी पट्ट्या भरलेलं फ्लश डोअर आलं. त्यालाही भारतीय मानक आहे, आयएस २२०२, आणि भरीव गाभ्याचं ३५ मिलिमीटरचं दार वाईट मुळीच नसतं. पण आत पोकळ असलेलं हलकं दार वरून तसंच दिसतं. लॅमिनेट चिकटवलं की गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या होल्डफास्टच्या पट्ट्या नीट बसवल्यात का, हे तर प्लॅस्टर झाल्यावर दिसतच नाही.

मुंबई-पुण्यात या काळात घराघरात नाईट लॅच बसलं. कुलूप दाराच्या आत लपलं आणि बाहेर लटकणारी जाहिरात गेली, हा मोठा फायदा. तोटा असा, की नुसतं दार ओढून घेतल्यावर लागते ती फक्त स्प्रिंगची जीभ, आणि ती मागे सरकवता येते. किल्ली फिरवून पक्कं बंद करायचा कंटाळा घराघरात आहे. त्यामुळे मग बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअर आलं, दारात मॅजिक आय आलं, साखळी आली. सेफ्टी डोअरने एक जुनी सोय परत आणली: मुख्य दार उघडून, जाळीआडून, आलेला माणूस नीट बघता येतो. दिंडीचंच ते काम.

खिडकीची हकिकत वेगळी, आणि जास्त काळजीची. जुन्या खिडकीत लाकडी चौकटीतून उभे लोखंडी गज आरपार घातलेले असत. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या तेव्हा हे गज गेले. सरकत्या खिडकीची खिट्टी नाजूक असते, आणि काही खिडक्यांची काच बाहेरून उचलून रुळातून काढताही येते. म्हणून लोकांनी बाहेरून ग्रिल लावली. तळमजल्याला ती हवीच होती, पण बघता बघता सातव्या-आठव्या मजल्यापर्यंत पिंजरे चढले. बॉक्स ग्रिलमध्ये कुंड्या आल्या, वाळत घातलेले कपडे आले, जुनं सामान आलं. आग लागते तेव्हा हाच पिंजरा आतल्या माणसाची वाट बंद करतो, आणि अग्निशमन दलाच्या जवानांना शिडीवर उभं राहून लोखंड कापत बसावं लागतं. चोराच्या भीतीने आपण घराला बाहेर पडायची दुसरी वाटच ठेवली नाही, हे मला कोयंड्याच्या प्रश्नापेक्षाही गंभीर वाटतं. ग्रिलमध्ये आतून उघडणारी झडप ठेवली, तर दोन्ही साधतं. खर्च थोडाच वाढतो.

युरोपात या विचाराला वेगळं वळण मिळालं. तिथल्या ईएन १६२७ या मानकात कुलपाची एकट्याची परीक्षा होत नाही. फळी, चौकट, बिजागऱ्या, कुलूप, काच हे सगळं जसं बसणार तसं भिंतीत बसवून माणसाच्या हातात हत्यारं देतात आणि वेळ मोजतात. दुसऱ्या श्रेणीचं दार स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड आणि पाचरींपुढे तीन मिनिटं टिकावं लागतं. तिसऱ्या श्रेणीत कटावणीही येते आणि पाच मिनिटं टिकावं लागतं. नेदरलँड्समध्ये १९९९ पासून नव्या घरांची दारं-खिडक्या घरफोडीला तोंड देणारी असणं सक्तीचं झालं. नंतर संशोधकांनी तपासलं, तेव्हा अशा घरांत चोरी होण्याचा धोका साधारण एक चतुर्थांशाने कमी झालेला आढळला. इंग्लंडने नव्या घरांसाठी असा नियम १ ऑक्टोबर २०१५ पासून लावला. या आकड्यांत मला भावते ती मिनिटांची भाषा. न फुटणारं दार कुणी मागितलेलंच नाही. चोर कंटाळेल, आवाज होईल, शेजारी बाहेर येईल, एवढा वेळ मागितला आहे. अडसर हेच करत होता.

आपल्याकडे सध्या जोर आहे तो बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या डिजिटल लॉकवर. ती सोयीची आहेत. किल्ली हरवत नाही, ओढलं की दार पक्कं लागतं. पण पोकळ फळीत आणि हलत्या चौकटीत बसवलेलं वीस हजारांचं लॉक म्हणजे पुन्हा तेच पोलादी कुलूप आणि पत्र्याचा कोयंडा. जाणते सुतार सांगतात ती कामं स्वस्तातली असतात: चौकटीतून भिंतीपर्यंत पोचणारे लांब स्क्रू, जीभ जिथे शिरते तिथे जाड लोखंडी पत्ती, बिजागऱ्या तीनऐवजी चार, दाराला वर आणि खाली आतून कड्या. सरकत्या खिडकीला रुळात आडवी बसेल अशी लाकडी पट्टी.

आज मुंबई, ठाणे, पुण्यात जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षं उघड्या दारांनी राहिलेली माणसं बंद दारांत गेली. खासगी सोसायट्यांत चटईक्षेत्र, कॉर्पस (बिल्डरने सोसायटीला द्यायचा निधी) आणि पार्किंगवर महिनोन्महिने घासाघीस चालते. कराराच्या सोबत सोयीसुविधांची यादी असते, तिच्यात दाराला बहुतेक एकच ओळ मिळते: 'मेन डोअर, लॅमिनेटेड फ्लश डोअर'. गाभा भरीव की पोकळ, जाडी किती मिलिमीटर, चौकट कशाची आणि ती भिंतीत किती ठिकाणी धरली आहे, ग्रिल उघडणारी आहे का, हे सगळं त्या ओळीपुढे लिहून घेता येतं, सह्या होण्याच्या आधी.