सुपारीने आवळलेलं तोंड

पहिली तक्रार बहुधा तिखटाची असते. घरात सगळे जी आमटी आवडीने खातात, तीच एकाच्या तोंडाला झोंबते. मग गालाची आतली बाजू पांढुरकी पडते आणि बोट फिरवलं तर दोरीसारखे ताठ पट्टे हाताला लागतात. काही वर्षांनी पाणीपुरी अख्खी तोंडात जाईनाशी होते.

या आजाराचं नाव सबम्युकस फायब्रोसिस. १९५२ साली केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये त्याची नोंद झाली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याला आजचं नाव दिलं.

'मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो' हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं. कारण या आजाराचं मूळ सुपारीतच आहे. सुपारीच्या रवाळ तुकड्यांनी गाल आतून घासले जातात आणि दाह कायमचा मुक्कामाला येतो. तिच्यातलं अ‍ॅरेकोलिन नावाचं रसायन पेशींना जास्त कोलॅजन, म्हणजे चिवट धागे, बनवायला लावतं. सुपारीत तांबंही बरंच असतं. धाग्यांना एकमेकांत घट्ट बांधणारं विकर त्याने जोमाने काम करतं. असे बांधलेले धागे शरीराला सहजी मोडता येत नाहीत. म्हणून सुपारी सोडली तरी आवळलेलं तोंड आपोआप सैल होत नाही.

धाग्यांच्या या जाळ्यात रक्तवाहिन्या दबतात, वरचं आवरण पातळ होतं आणि कर्करोगाला वाट मिळते. केरळातल्या एर्नाकुलममध्ये ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांच्यापैकी ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाला. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाच, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक ठरवलं. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण मावा आणि नागपूरकडचा खर्रा हातावर मिळतोच. गोड सुपारी तर आपण लग्नात लहान मुलांच्याही हातावर ठेवतो.

आरशासमोर उभे राहा आणि आपलीच तीन बोटं एकावर एक धरून उभी पुढच्या दातांमध्ये घालून बघा. ती जात नसतील, किंवा एखादा पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली, तर दंतवैद्याकडे जा. शंका वाटली तर ते त्या जागेचा छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवतात. उपचारात गालात इंजेक्शनं देतात, फारच आवळलं असेल तर शस्त्रक्रिया करतात. त्यासोबत तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करावाच लागतो. आइसक्रीमच्या काड्यांची चळत दातांमध्ये धरायची आणि काही दिवसांनी तिच्यात आणखी एक काडी सरकवायची.